रोजच्या गाडीला टर्बो: पैसे कुठे घालायचे आणि कुठे थांबायचं

1962 साली जनरल मोटर्सने टर्बो लावलेल्या दोन गाड्या विकायला काढल्या. एक शेवरोले कॉर्व्हेअर मोन्झा स्पायडर, दुसरी ओल्ड्समोबिल जेटफायर. टर्बोची कल्पना त्याच्या कितीतरी आधीची, स्विस इंजिनियर आल्फ्रेड ब्युकी यांच्या 1905 च्या पेटंटातली. पण घरगुती मोटारीपर्यंत यायला तिला अर्ध्या शतकाहून जास्त काळ लागला. कॉर्व्हेअरवाल्यांनी इंजिनाचं कॉम्प्रेशन 8 वर उतरवलं आणि निभावून नेलं. जेटफायरवाल्यांनी 3.5 लिटरच्या व्ही-8 इंजिनाचं कॉम्प्रेशन 10.25 ठेवलं, त्यावर टर्बो चढवला आणि नॉकिंग होऊ नये म्हणून हवेबरोबर पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण फवारण्याची सोय केली. त्या मिश्रणाची वेगळी टाकी मालकाने वेळच्या वेळी भरायची होती. बऱ्याच मालकांनी ती भरलीच नाही. टाकी रिकामी झाली की बूस्ट रोखणारी झडप होती, पण मग गाडी ओढत नाही म्हणून तक्रारी सुरू. दोन वर्षांत जेटफायर बंद झाली आणि पुढे कंपनीनेच कित्येक गाड्यांवरचा टर्बो उतरवून साधा कार्बुरेटर बसवून दिला.

आपल्या साध्या पेट्रोल गाडीला कमी खर्चात टर्बो बसवावा असं ज्याच्या मनात येतं, त्याच्यासमोरचे सगळे प्रश्न या दोन गाड्यांत आहेत. कॉम्प्रेशन किती, इंधन कोणतं, आणि सकाळी घाईत चावी फिरवून कामावर निघणारा माणूस या यंत्राची किती बडदास्त ठेवणार? शर्यतीची गाडी दर फेरीनंतर उघडून बघतात. रोजच्या गाडीचं बॉनेट महिनोन्‌महिने उघडत नाही. म्हणून रोजच्या गाडीचं नियोजन वेगळं. माझं म्हणणं असं की त्यात टर्बो हा सर्वांत शेवटी घ्यायचा भाग आहे, आणि बजेटमधला त्याचा वाटा एक तृतीयांशाच्या वर गेला तर हिशेब चुकलाय असं समजावं.

सुरुवात हवेपासून करू, कारण टर्बो हवेचंच काम करतो. एक्झॉस्टच्या झोताने टर्बाइन फिरतं, त्याच शाफ्टवरचा कॉम्प्रेसर इंजिनात जास्त हवा दाबून भरतो. शाफ्टचा वेग मिनिटाला लाख फेऱ्यांच्या पुढे असतो, छोट्या टर्बोत तर दोन लाखांच्या आसपास. हवा दाबली की ती तापते. बाहेर 35 अंश तापमान आहे आणि आपण 0.5 बार बूस्ट ठेवला आहे असं धरा. सर्वसाधारण टर्बोच्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 65 टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा सुमारे 93 अंशांवर जाते. दाब दीडपट झाला तरी गरम हवा फुगलेली असल्यामुळे सिलिंडरमध्ये प्रत्यक्षात फक्त 26 टक्के जास्त हवा पोहोचते. तीच हवा बऱ्यापैकी इंटरकूलरमधून नेली तर ती 52 अंशांपर्यंत उतरते आणि वाढ 42 टक्के होते. बूस्ट तोच, टर्बो तोच. इंटरकूलरमध्ये दाब थोडा घटतो, तो या आकड्यांत धरलेला नाही. तरी फरक इतका आहे की इंटरकूलर पुढच्या वर्षी बसवू म्हणणाऱ्याने टर्बोही पुढच्या वर्षीच घ्यावा.

शिवाय गरम हवेचा खरा धोका ताकद कमी होण्यात नाही, नॉकिंगमध्ये आहे. स्पार्कने पेटवलेली ज्योत सिलिंडरभर पसरण्याआधी कोपऱ्यात उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं आणि पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा धक्का बसतो. साध्या इंजिनात चढावर जरा खडखड ऐकू येते आणि आपण गिअर बदलतो. बूस्टखाली तेच काही सेकंद चाललं तर पिस्टनच्या रिंगांमधला पातळ कंगोरा तुटतो, हेडचं पॅकिंग उडतं. म्हणून कॉम्प्रेशन, बूस्ट, हवेचं तापमान, पेट्रोलचा ऑक्टेन आणि स्पार्कची वेळ या पाचांचा एकत्र विचार करावा लागतो. एकाला वाढवलं की दुसऱ्याला आवरावं लागतं.

ऑक्टेनच्या बाबतीत आपल्या लोकांची एक ठरलेली फसगत होते. टर्बोचं बरंचसं ज्ञान अमेरिकेतून येतं. तिथल्या पंपावर लिहिलेला आकडा दोन वेगवेगळ्या चाचण्यांची सरासरी असतो, आपल्याकडचा त्यांपैकी एकाच चाचणीचा. तिथलं 91 म्हणजे आपल्याकडचं साधारण 95-96. बीएस-6 मानकात साध्या पेट्रोलसाठी किमान 91 ऑक्टेन धरला आहे, तो त्यांच्या सर्वांत स्वस्त 87 च्या जवळपासचा. तेव्हा अमेरिकन माणूस 91 वर 0.5 बार चालवतो हे वाचून इथल्या 91 वर तेवढा बूस्ट ठेवणं म्हणजे इंजिन पणाला लावणं. इथेनॉल मिसळल्यामुळे ऑक्टेन वाढतो आणि बाष्प होताना इथेनॉल हवेतली उष्णताही जास्त ओढून घेतं, हे खरं. पण ई-20 वर तेवढीच हवा जाळायला सुमारे 7-8 टक्के जास्त इंधन लागतं, म्हणजे इंजेक्टर आणि पंपावरचा भार आणखी वाढतो.

तो भार किती, ते एका खऱ्या गाडीवर पाहू. कमी खर्चातल्या टर्बोचा सर्वांत मोठा आणि सर्वांत जास्त नोंदला गेलेला अनुभव माझदा एमएक्स-5 या गाडीवर जमा झाला आहे. 1989 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. दोन सीट, मागच्या चाकांना ताकद, 1.6 लिटरचं इंजिन, 9.4 कॉम्प्रेशन, सुमारे 115 हॉर्सपॉवर. वळणावर गोडी लावणारी पण सरळ रस्त्यावर मागे पडणारी गाडी, त्यामुळे टर्बोचा विचार मालकांच्या मनात पहिल्या वर्षापासूनच आला. आणि हे इंजिन माझदाने 323 मध्ये टर्बोसह वापरलेल्या इंजिनाच्या कुळातलं, म्हणजे हाडापेराने मजबूत. टेक्सासच्या कॉर्की बेल यांनी या गाडीसाठी किट बनवले आणि 1997 साली ‘मॅक्झिमम बूस्ट’ हे पुस्तक लिहिलं, ते आजही या विषयात पहिलं वाचावं असं आहे. कोलोरॅडोच्या फ्लाइन मियाटाने तर या एका गाडीवर अख्खा व्यवसाय उभा केला.

या 1.6 लिटरवर 160 हॉर्सपॉवरचं माफक लक्ष्य ठेवलं असं धरू. टर्बो इंजिनाला सुरक्षित राहण्यासाठी मिश्रण जरा गडद लागतं, म्हणून दर हॉर्सपॉवरला तासाला 250 ग्रॅम पेट्रोल धरा. तासाला 40 किलो झालं. चार इंजेक्टर, म्हणजे प्रत्येकी 10 किलो. इंजेक्टर 85 टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नसतो, तो धरून प्रत्येकाची क्षमता मिनिटाला 265 सीसी लागते. मूळ इंजेक्टर 200 सीसीच्या आसपासचे. म्हणजे माफक बूस्टलाही ते पुरत नाहीत. नव्वदच्या दशकात यावर एक जुगाड रूढ होता: बूस्ट वाढला की पेट्रोलचा दाब कितीतरी पटीने वाढवणारा रेग्युलेटर. जास्त दाबाने त्याच इंजेक्टरमधून जास्त पेट्रोल निघतं. हजारो गाड्या त्यावर चालल्या, पण पंप दमतो आणि मिश्रण कुठे गडद तर कुठे पातळ राहतं. आज तो मार्ग कुणी सुचवला तर ऐकू नये. पैसे वाचवण्याच्या कितीतरी जागा आहेत, ही त्यांतली नाही.

खरा बदल घडवला तो स्वस्त ईसीयूने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाने. 2001 च्या सुमारास ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो यांनी मेगास्क्वर्ट हा हाताने जोडता येणारा ईसीयू काढला, पुढे स्पीडुइनो आला. इंजेक्शन आणि स्पार्क दोन्ही आपल्या ताब्यात देणारी वस्तू शौकिनाच्या खिशाला परवडू लागली. तिच्या जोडीला वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लागतो. मूळ गाडीचा सेन्सर फक्त एवढंच सांगतो की मिश्रण गडद आहे की पातळ. किती गडद, किती पातळ हे वाइडबँड सांगतो, आणि बूस्टखाली हा ‘किती’च इंजिन वाचवतो. या दोन वस्तू आणि जाणत्या माणसाकडून डायनोवर करून घेतलेलं ट्यूनिंग यांवर मी टर्बोइतकाच खर्च राखून ठेवीन. स्वस्त टर्बो आणि उत्तम ट्यूनिंग असलेली गाडी वर्षानुवर्षं चालते. उलट केलं तर पहिल्याच उन्हाळ्यात हेड उतरवावं लागतं.

टर्बो बसवताना प्रत्यक्षात ज्या गोष्टींनी माणसं रडकुंडीला येतात, त्यांत तेलाची परतीची नळी पहिली. टर्बोच्या बेअरिंगला इंजिनाच्या दाबाचं तेल मिळतं, पण तिथून बाहेर पडताना ते फेसाळलेलं आणि बिनदाबाचं असतं, आणि फक्त वजनाने खाली ओघळतं. म्हणून परतीची नळी चांगली जाड हवी, तिला कुठेही वरचा बाक नको, आणि ती ऑइल चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उघडायला हवी. जागा नाही म्हणून नळी जरा आडवी नेली, की तेल टर्बोतच साचतं, सील ओलांडून एक्झॉस्टमध्ये जातं आणि सिग्नलला उभं राहिल्यावर मागून निळा धूर येतो. मग लोक टर्बो खराब निघाला म्हणून दुसरा आणतात, तोही तसाच धूर सोडतो. चेंबरला भोक पाडायचं तर तो उतरवून, लेथवाल्याकडून नीट वेल्डिंग करून घ्यावा. गाडीवरच ड्रिल मारलं तर लोखंडाचा कीस तेलात जातो आणि क्रँकच्या बेअरिंगपर्यंत पोहोचतो.

मॅनिफोल्डचंही तसंच. वळणदार नळ्यांचे मॅनिफोल्ड दिसायला देखणे, पण बूस्टवर त्या नळ्या लालबुंद होतात, थंड होतात, पुन्हा तापतात, आणि वर टर्बोचं वजन लोंबकळत असतं. पातळ नळ्यांच्या वेल्डिंगला वर्षभरात तडे जातात. रोजच्या गाडीला ओतीव लोखंडाचा, आखूड, ठोकळा मॅनिफोल्डच बरा. वरच्या आरपीएमला काही हॉर्सपॉवर जातात, जाऊ देत. एमएक्स-5 वर टर्बो आणि मॅनिफोल्डमधले नट ढिले पडून गळून जाणं ही इतकी जुनी व्यथा आहे की लोक त्यासाठी इनकोनेलसारख्या उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूचे स्टड वापरू लागले. हे स्टड महाग असतात. पण दर महिन्याला गाडीखाली झोपून तापलेल्या कोपऱ्यात पाना फिरवण्यापेक्षा स्वस्तच.

इंजिनाच्या पुढे क्लच, गिअरबॉक्स, ड्राइव्ह शाफ्ट. 1.6 लिटरचा मूळ टॉर्क 136 न्यूटन-मीटरच्या आसपास. दुप्पट टॉर्कपाशी कनेक्टिंग रॉड आणि पाच गिअरचा बॉक्स यांची हद्द येते, असा या गाडीवर काम करणाऱ्यांचा अनुभव. रॉड हॉर्सपॉवरने वाकत नाही, कमी आरपीएमला अचानक येणाऱ्या टॉर्कने वाकतो. म्हणून फार लवकर बूस्ट देणारा अगदी छोटा टर्बो नेहमीच सौम्य असतो असं नाही. कारखान्याने स्वतः हे काम कसं केलं तेही पाहण्यासारखं आहे. 2004 साली माझदाने माझदास्पीड एमएक्स-5 काढली. 1.8 लिटरच्या इंजिनाला टर्बो, 142 वरून 178 हॉर्सपॉवर. जेमतेम 36 ची वाढ. तेवढ्यासाठी इंटरकूलर दिला, क्लच आणि ड्राइव्ह शाफ्ट मजबूत केले, सस्पेन्शन बदललं. कंपनीला 36 हॉर्सपॉवरसाठी एवढं करावंसं वाटलं, तर आपण 45 वाढवताना मूळ क्लच आणि झिजलेल्या ब्रेकपॅडवर भागवू नये.

ज्याच्याकडे दुसरी गाडी नाही, त्याच्यासाठी कामाचा क्रम हाच नियोजनाचा गाभा आहे. नेहमीचा घोटाळा असा होतो: शुक्रवारी रात्री सगळं उघडतात, रविवारी एक अडाप्टर मिळत नाही, सोमवारी रिक्षा. माझ्या मते काम अशा टप्प्यांत करावं की प्रत्येक टप्प्यानंतर गाडी चालती राहील. आधी प्रकृती तपासायची. चारही सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर तिथेच थांबून ते पैसे इंजिनकामाला वळवावेत. सुरुवातीच्या, 1991 च्या मध्यापर्यंतच्या एमएक्स-5 मध्ये क्रँकचं पुढचं टोक आखूड आहे, पुली डगमगून चावीची खाच खाल्ली जाते. पुढच्या पुलीवर चार खाचा दिसल्या तर आखूड, आठ दिसल्या तर सुधारलेला. अशा क्रँकवर टर्बोचा खर्च करू नये. प्रत्येक गाडीला तिचं असं एखादं दुखणं असतं, ते आधी शोधावं.

प्रकृती ठीक निघाली तर ईसीयू, वाइडबँड आणि मोठे इंजेक्टर बसवून टर्बोशिवायच महिनाभर गाडी चालवावी. थंड सकाळी सुरू होते का, एसी लावल्यावर आयडलिंग पडतं का, मायलेज किती, हे सगळे प्रश्न बूस्टशिवाय सोडवणं सोपं आणि निर्धोक. नंतर क्लच. क्लचसाठी गिअरबॉक्स खाली येतोच, तेव्हा मागची तेलाची सीलही बदलून घ्यावी. मग रेडिएटर, होज पाइप आणि तेलाच्या परतीचं भोक, तूर्त बूच मारून. इंटरकूलर आणि त्याचे पाइपही कोरडे बसवून बघता येतात. टर्बो आणि मॅनिफोल्ड सर्वांत शेवटी. तोवर उरलेलं काम दोन-तीन दिवसांचं राहतं, आणि मधे पैसे संपले तरी हातात धडधाकट गाडी असते. हा क्रम कंटाळवाणा वाटतो, कारण टर्बोची शीळ शेवटच्या दिवशी ऐकू येते. पण अर्धवट राहिलेल्या टर्बो गाड्या बहुधा उलट्या क्रमाने सुरू झालेल्या असतात.

टर्बो कुठून आणायचा? परदेशात निसानच्या एसआर-20 इंजिनावरचे गॅरेटचे टी-25, टी-28 किंवा व्होल्वो आणि सुबारूवरचे मित्सुबिशीचे टीडी-04 जुने मिळतात. ते चांगले, कारण मुळात पेट्रोलसाठीच बनलेले. आपल्याकडे कुर्ल्याच्या किंवा दिल्लीच्या मायापुरीच्या भंगार बाजारात डिझेल गाड्यांचे टर्बो मिळतात. 1.3 लिटरच्या मल्टिजेट इंजिनावरचा छोटा केपी-35 तर रस्तोरस्ती होता. मोह होतो, पण डिझेलचा एक्झॉस्ट तुलनेने थंड असतो आणि पेट्रोलचा बूस्टवर साडेनऊशे अंशांच्या आसपास जातो. डिझेलसाठी ओतलेल्या टर्बाइन हाउसिंगला ती उष्णता झेपेल याची खात्री नसते, आणि कोन बदलणाऱ्या पात्यांचा टर्बो असेल तर ती पाती अडकतात. कोणताही जुना टर्बो घेताना शाफ्ट बोटाने हलवून बघावा. बाजूला किंचित खेळ चालतो, आत-बाहेर खेळ अजिबात नको, आणि पातं हाउसिंगला घासल्याची खूण दिसली तर परत ठेवून द्यावा.

भारतातल्या वाचकासाठी आणखी एक भाग आहे आणि तो निर्णायक आहे. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 सांगतं की आरसी बुकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. मंजूर सीएनजी किटसारख्या इंधनबदलाला वाट आहे, घरगुती टर्बोला नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम ठामपणे उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182-अ नव्याने लिहिलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला हातात कारण मिळतं, आणि समोरच्याला इजा झाली असेल तर तो बोजा कितीही मोठा होऊ शकतो. बाहेरही सगळीकडे मोकळीक आहे असं नाही. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी माणसाने टर्बो किट घेताना त्या किटला राज्याच्या हवा मंडळाचा आदेश क्रमांक आहे का ते आधी बघावं. तो नसेल तर दर दोन वर्षांच्या धूर तपासणीत गाडी अडते. जर्मनीत असा बदल तपासनिसाकडून मंजूर करून कागदावर चढवावा लागतो. वेळ आणि पैसा दोन्ही जातात, पण मार्ग आहे. आपल्याकडे एकट्यादुकट्या मालकासाठी असा परवडणारा मार्ग निघावा असं मला मनापासून वाटतं. पुण्यातल्या एआरएआयसारखी संस्था गाड्यांच्या चाचण्या घेते, त्यामुळे तपासणीची जाण देशात आहे. कमी आहे ती एका माणसाच्या एका गाडीसाठीच्या सोप्या नियमांची.

तोवर रस्त्यावरच्या रोजच्या गाडीसाठी माझा सल्ला सरळ आहे. आजच्या बहुतेक साध्या पेट्रोल इंजिनांचं कॉम्प्रेशन 11-12 च्या घरात आहे. ती मायलेजसाठी बेतलेली इंजिनं आहेत, बूस्टसाठी नाहीत. मारुतीने 2017 च्या बलेनो आरएसमध्ये टर्बो दिला तेव्हा इंजिनच वेगळं घेतलं: 1 लिटर, तीन सिलिंडर, 10 कॉम्प्रेशन, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं. शिवाय मुंबईच्या पावसात खाली लटकणारा एअर फिल्टर पाणी ओढतो, पुण्याच्या स्पीडब्रेकरवर इंटरकूलरचे पाइप आपटतात, आणि एसीच्या कंडेन्सरसमोर इंटरकूलर ठेवला की मे महिन्यातल्या ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा वर चढतो. वर सांगितलेल्या कामांच्या खर्चात जुनी पण निगुतीने वापरलेली बलेनो आरएस, फोक्सवॅगन पोलो टीएसआय किंवा फियाट लिनिया टी-जेट शोधावी. आरसी बुकात टर्बो आधीच नोंदलेला असतो, पिस्टन-रॉडपासून तेलाच्या नळीपर्यंत सगळं कारखान्याने त्याच्यासाठी बेतलेलं असतं. विकत घेताना डिपस्टिक ओढून तेल बघा, एअर फिल्टरकडून टर्बोला जाणारा पाइप काढून शाफ्टचा खेळ बघा, आणि तेल कधी कधी बदललं याची बिलं मागा.

ज्याला स्वतःच्या हाताने टर्बो बसवायचाच आहे, त्याने जुन्या एस्टीमसारखी साधी गाडी फक्त ट्रॅकसाठी घ्यावी, आणि ती ट्रेलरवरून कोइमतूरच्या करी स्पीडवेला किंवा चेन्नईच्या ट्रॅकला न्यावी. तिथेही पहिल्या दिवशी 0.4 बारवर थांबावं, प्रत्येक फेरीनंतर वाइडबँडची नोंद लॅपटॉपवर बघावी, आणि इंजिन बंद करण्याआधी दोन मिनिटं आयडलिंगला चालू ठेवावं, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल जागच्या जागी जळून कोळसा होत नाही. संध्याकाळी गाडी थंड झाली की मॅनिफोल्डचे सगळे नट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.